अधांतरी हात

कुंचल्याचं टोक तिनं पुन्हा ओठांत धरून निमुळतं केलं आणि टर्पेंटाइनची तेलकट, कडवट चव जिभेवर पसरली – शी! इतकी वर्षं झाली तरी ही शिसारी काही जुनी होत नाही. समोर लाल मातीची फुलदाणी, तिच्यावर हात उगारलेला ग्रीक वीर. मुळात तो उघडाबंब. पण दिवाणखान्यात तसला चालत नाही, म्हणून भांड्यावर आधी उमटवलेल्या छापातच कमरेला फडकं गुंडाळलेलं. केझायानं फक्त त्याच्या काळ्या रेघा ओढायच्या, एका दमात... आणि हात अधांतरी ठेवून.

मनगटाखाली लाकडी टेका घ्यायचा तो पुरुष चित्रकारांनी. बायकांना टेका नाही – इंग्लंडातल्या बर्स्लेमच्या कुंभारकामाच्या कारखान्यांत हे पुरुषांनीच कधीतरी ठरवून टाकलेलं. हल्ली तिचं मनगट थरथरायचं. रेघ वाकडी गेली की इकडेतिकडे बघत, चोरासारखी, ती चिंधीनं पुसायची आणि स्वतःच्याच हाताची तिला किळस यायची. आईचा हातही असाच आधी थरथरला, मग लुळा पडला... मुकादमाला कळलं तर मला कुंचल्यावरून उठवून भांडी पुसायला बसवेल. आणि आज पलीकडच्या खोलीत पुरुषांची बैठक होती, बायकांना टेका द्यायचा की नाही यावर. तिचा नवरा ईनक तिथंच होता. रोज रात्री चरबी लावून हे मनगट तोच चोळून द्यायचा; त्याला सगळं ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत तो आला, दोन्ही कोपरं तिच्या बाकावर टेकवून बसला आणि तिच्या डब्यातलं ओटचं धिरडं उचललं.

“काय ठरलं?”

“काय ठरणार! नाहीच म्हणाले.”

“तू हात वर केलास?”

“अगं, सगळ्यांनीच केले. मी एकटा बसून राहिलो असतो तर जन्मभर बाईलबुद्ध्या म्हणून चिडवलं असतं मला.” हनुवटीवरचा डुकराच्या चरबीचा ओघळ त्यानं मनगटानं पुसला. “आणि रात्री चोळून देतो ना मी?”

ती त्या कोपरांकडे बघत राहिली. याला साधं धिरडंसुद्धा टेकल्याशिवाय खाता येत नाही...

तो गेल्यावर तिनं कुंचला उचलला. वीराच्या उगारलेल्या हाताची रेघ कोपरापाशी थरथरली आणि वाकडी गेली, चांगलीच. सवयीनं चिंधी हातात आली. पण पुसावंसं वाटेना. किळस होतीच, फक्त ती आता या हाताची नव्हती. आज रात्री तो चरबीची वाटी घेऊन बसेल, म्हणेल, आण गं हात... आणि मी तो पुढे करीन की नाही, मला खरंच माहीत नाही.