फुर्नवाले साहेब

“इद्रीसभाई, उद्याच्या लाँचने फोर्निए नावाचा फ्रेंच माणूस येतोय,” एवढं सांगून ऑफिसातला क्लार्क हनीफ निघून गेला आणि मैदा तिंबणाऱ्या इद्रीसचे हात जागच्या जागी थांबले. फुर्न म्हणजे अरबीत भट्टी, हे आखातातल्या दास बेटावरच्या तेलकंपनीच्या कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होतं. मग हा फोर्निए, इद्रीसच्या कानाला फुर्नीए, म्हणजे कोण? भट्टीवाला! म्हणजे कंपनीने थेट फ्रान्सहून पाववाला मागवला होता आणि आपला पत्ता कट झाला होता, असं इद्रीसने धरून टाकलं.

आता हा इद्रीस काय चीज होता, ते सांगायला हवं. समुद्राच्या मधोमध ते तेलाचं बेट, तिथे ना झाड ना सावली. पत्र्याच्या शेडमध्ये त्याने स्वतःच्या हातांनी विटांची भट्टी बांधली होती. वाळू उडो नाहीतर उन्हाने खमीर बिघडो, त्याचा पाव कधी कच्चा निघाला नाही. गोरे साहेब आणि बलुची हमाल एकाच भट्टीचा पाव खात आणि दोघेही नावाजत. अशा हातांना सलामच करावा. पण या पठ्ठ्याने एक गोष्ट दडवली होती. त्याचं खरं आडनाव भटारी. गावाकडे बापजाद्यांनी लग्नाकार्यांत देगी चढवल्या, सगळ्या वऱ्हाडाला जेवू घातलं आणि स्वतः सगळ्यांत शेवटी, चुलीमागे बसून खाल्लं. लेकीच्या, जुलेखाच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी नाक मुरडलं, भटाऱ्याची पोर नको म्हणाले. ते इद्रीसच्या जिव्हारी लागलं. म्हणून आखातात उतरताना तो श्रीवर्धनकर झाला. हे एकट्या हनीफला माहीत होतं, कारण तो त्याच्याच गावचा.

दुसऱ्या दिवशी लाँचमधून उतरलेले साहेब पावाच्या वासाने सरळ भटारखान्यात आले. सोबत हनीफ होता. इद्रीस भट्टीच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

“साहब, ये भट्टी मेरी है,” तो म्हणाला. “आप अपनी दूसरी बनाओ.”

हनीफच्या सगळं लक्षात आलं. त्याने अडखळत इंग्रजीत फुर्न आणि फोर्निएचा घोटाळा समजावला, तेव्हा साहेब पोट धरून हसले. ते पंपांचे इंजिनिअर होते, त्यांना साधं अंडं तळता येत नव्हतं. पण मग ते मैद्याच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, या माणसाचं काही चुकलेलं नाही. आमच्याकडे पूर्वी गावाला एकच भट्टी असायची, घराघरातून तिंबलेली कणीक तिथे यायची आणि ती भट्टी राखणारा तो फोर्निए. आज आम्ही देशभर पसरलोय. बाजारात या नावाने हाक मारली तर चारजण वळून बघतात, त्यांत एखादा डॉक्टर असतो, एखादा न्यायाधीशही असतो. आमच्या घरातली भट्टी कधीच विझली, पण नाव मात्र आम्ही टाकलं नाही.

हनीफने हे सगळं मराठीत सांगितलं. इद्रीसची मान खाली गेली. मग साहेबांनी त्याचं नाव विचारलं आणि हनीफ सवयीने बोलायला लागला, “इद्रीस श्रीवर्धन...”

“खलास, हनीफ, पुरे झालं,” इद्रीस म्हणाला. “खरं सांग त्यांना. भटारी. इद्रीस भटारी.”

साहेबांनी अर्थ विचारला. हनीफ मनात इंग्रजी शब्द शोधायला लागला, कुक म्हणावं की बेकर, आणि मग त्याला एकदम हसू आलं.

“फोर्निए, साहेब,” तो म्हणाला. “हासुद्धा फोर्निए.”

साहेब उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हात पुढे केला. इद्रीस पिठाचा हात पुसायला गेला, तर त्यांनी तो तसाच घट्ट धरला. इतक्या वर्षांत या नावाला कुणी असा मान दिला नव्हता.

भट्टीतला पाव तयार झाला होता. इद्रीसने तो लांब फळीवरून बाहेर काढला, गरमच मोडला, अर्धा साहेबांना दिला आणि उरलेला, कुणाचं खाणं व्हायची वाट न बघता, त्यांच्या शेजारी बसून खाल्ला.