सोमवारचा पाऊस

मी रुचिरा, पनवेलच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि तोंडाची फटकळ आहे. हवामानबदलाच्या रिफ्रेशर कोर्सला निघताना घरी सांगूनच आले होते, "तीन आठवडे डुलक्या काढायच्या आणि सर्टिफिकेट प्रमोशनच्या फाइलला लावायचं!"

काळजी कसली? दुसऱ्या दिवशी माझंच सादरीकरण होतं. कॉलेजच्या पर्जन्यमापकाचे १९९४ ते २०१३ असे वीस वर्षांचे आकडे, आणि निष्कर्ष असा की २००८पासून पनवेलमध्ये अतिवृष्टीचे दिवस दुप्पट झाले. त्यावर माझा पेपर छापून आला होता. पाच बॅचेसना मी तेच घसा फोडून शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी कोर्सच्या सरांनी शेजाऱ्याचे आकडे तपासायला सांगितले. माझ्या शेजारी उरणच्या कॉलेजची महेक, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. म्हटलं, घ्या, आता ही मला तपासणार!

पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, "मॅडम, माफ करा हं. २००८नंतर जेवढे दिवस वाढलेत, ते सगळे सोमवारच कसे?"

"काहीतरीच काय! दाखव बघू."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. सोमवार, सोमवार, सोमवार.

"आणि रविवारी," ती हळूच म्हणाली, "सहा वर्षांत एक थेंबही नाही."

अगं आई गं! तशीच बाहेर व्हरांड्यात गेले आणि कमलाकरला फोन लावला. हा आमचा जुना शिपाई. पाऊस तोच मोजायचा. २००८ला रिटायर होऊन नेऱ्याला घरी बसलाय.

"कमलाकर, रविवारी पाऊस कोण मोजायचं हो?"

"मीच की. सायकलीनं यायचो. पाऊस काय रविवारची सुट्टी घेतो काय, म्याडम?"

"आणि तुमच्यानंतर?"

"तुमीच बोललात ना, रविवारी कुनी यायची गरज नाय. मी सांगाया आलतो तुमाला. तुमी हसलात."

आठवलं. लख्ख आठवलं. "अहो, पाऊस काय पळून जाणार आहे?" असं मी म्हटलं होतं, आणि सगळी स्टाफरूम खिदळली होती. पाऊस पळाला नव्हताच. दोन दिवसांचं पाणी मापकाच्या बाटलीत साठत होतं आणि सोमवारी एकदम मोजलं जात होतं. रविवारी वहीत शून्य पडत होतं. आणि मी, दीडशहाणी, त्यावर पेपर लिहीत होते!

महेकने कुणाला सांगितलं नाही. "तुम्हीच ठरवा, मॅडम," एवढंच म्हणाली. गप्प बसले असते तर कोर्सही पार पडला असता आणि प्रमोशनही मिळालं असतं. रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

सकाळी सरांनी कौतुकाने माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले.

"सर, पाऊस वाढला असेलही," मी म्हटलं. "पण ते माझ्या वहीवरून कळणार नाही. आमच्याकडे पाऊस नीट मोजणारा एकच माणूस होता. तो मला सांगायला आला होता, आणि मी त्याला हसले."