पप्पांची किडनी

माझ्या नवऱ्याने लेकीला किडनी दिली आणि तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येकाला शर्ट वर करून टाक्यांचा व्रण दाखवला. पाहुण्यांच्या हातात पाण्याचा पेला जाईपर्यंतही धीर धरवत नाही त्याला. दिली, मान्य आहे. पण किती टेंभा मिरवायचा!

किडनी छान चालली. मग लेकीचं थायरॉईड बिघडलं, पाठोपाठ साखर वाढली आणि रोजची इन्सुलिनची सुई मागे लागली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की तिच्या शरीराचं रक्षण करणारी फौज स्वतःच्याच अवयवांवर उठलीय. असे आजार कधीकधी जोडीने येतात. पप्पांची किडनी परकी म्हणून तीही फौजेने मारू नये, यासाठी तर आपण त्या फौजेला गोळ्यांनी दाबून ठेवतो. त्या चुकवायच्या नाहीत आणि मला विचारल्याशिवाय दुसरं काही पोटात जाता कामा नये.

नणंदबाईंना हे कुठलं पटायला! त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र फोनवरच्या व्हिडिओंतलं. शक्ती दाबता म्हणूनच पोरीला नवे आजार होतात, असं म्हणत त्या प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरीचा डबा घेऊन हजर. मी तो त्यांच्याच पिशवीत परत कोंबला. नवरा मूग गिळून बसला होता. मला वाटलं, कळलं असेल. त्याला अक्कल आहे असं धरून चालले, हेच माझं चुकलं.

काल तपासणीत क्रिएटिनिन चढलेलं निघालं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं. शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केलीय, आत्ताच दाखल करा, ती वाचेलच असं सांगता येत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी वेगळं काही दिलंत का? मी नणंदेच्या नावाने तोंडाचा पट्टा सोडला. नवरा माना डोलवत राहिला. सख्ख्या बहिणीवर ढकलून हा मोकळा!

लेक खुर्चीत पाय हलवत बसली होती. म्हणाली, "आत्याने नाही, ती पावडर पप्पांनी दिली. दुधातून. आईला सांगू नकोस म्हणाले. किडनी माझी आहे, मला कळतं, म्हणाले."

तिच्या भल्यासाठीच केलं, असं काहीतरी तो पुटपुटला आणि सवयीने शर्टाला हात घातला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गोळ्या कोण देतं, असं त्यांनी लेकीलाच विचारलं.

"पप्पा देत होते. आता मी घेईन." मग ती बापाकडे वळली. "पप्पा, ती माझी किडनी आहे."

नवऱ्याने शर्ट खाली ओढला.