ऐंशी टक्के लिफ्ट

वृद्धांसाठी बांधल्या जाणाऱ्या त्या तीन मजली इमारतीचं वेळापत्रक माझ्याकडे होतं. संगणकावर प्रत्येक कामाची एक हिरवी पट्टी. काम जितकं झालं तितकीच ती भरायची. पण लिफ्टवाला फोन उचलायचा नाही, रोज त्याच्या मागे लागून माझ्या नाकी नऊ आले. शेवटी मी नको ते शहाणपण केलं. ‘तारखेप्रमाणे प्रगती’ या चौकटीत खूण केली. मग दहा दिवसांच्या कामाचे आठ दिवस सरले की पट्टी आपोआप ऐंशी टक्के भरते, माणूस काम करो नाहीतर झोपा काढो.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझ्या मावशीला खोली मिळाली होती. तिला चालता येत नाही, चाकांच्या खुर्चीत असते. भाड्याची खोली कधी सोडू, असं तिने विचारलं. मी पट्टी बघितली आणि छातीठोकपणे तारीख सांगितली.

नवव्या दिवशी साइटवर गेलो तर लिफ्टवाला फळीवर बसून डबा खात होता. नुसते रूळ बसले होते, मोटरचा पत्ताच नव्हता.

“मला कुणी विचारलंच नाही,” तो म्हणाला.

खरंच होतं ते, खूण केल्यापासून मी त्याला एकदाही फोन केला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

ऑफिसात येऊन मी खूण काढली, पट्टी वीसवर आणली. साहेबांनी कपाळाला हात लावला. ऐंशीचा आकडा मालकांकडे कधीच गेला होता. एका दिवसात वीस कसे झाले, हे त्यांना कोण सांगणार? मी हातापाया पडलो. त्यांनी माझ्यासमोर ती खूण पुन्हा केली.

मावशीला फोन लावला, तोवर तिने चावी देऊन टाकली होती आणि सामान टेंपोत चढलं होतं. माझं घर चौथ्या मजल्यावर, तिथेही लिफ्ट नाही. अखेर चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून तिच्या नव्या खोलीत नेलं. जिन्यात ती डोळे घट्ट मिटून होती.

दहाव्या दिवशी पट्टी पूर्ण भरली. कागदोपत्री काम संपलं म्हणून साहेबांनी लिफ्टवाल्याला दुसऱ्या साइटवर पाठवलं. मोटर कधी येईल, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी मावशीकडे गेलो. ती खिडकीशी बसली होती.

“मी खाली कधी जाणार रे?” तिने विचारलं. “तू सांगशील ती तारीख मी धरून चालेन.”