छत्तीस एमएल

दर्शनाला दिवसभरात बारा एमएल दूध यायचं. पोरीला लागायचं छत्तीस. सगळं या दोन आकड्यांच्या मध्ये घडलं आणि त्यात मी होतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की राजरत्नने सगळं आईवर ढकललं.

पोरगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात झाली. दर्शनाचं बीपी चढलेलं, तिचं पोट कापून नऊशे चाळीस ग्रॅमची पोर बाहेर काढली. ठाण्यातलं हॉस्पिटल, तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेट्या. पेटीवर चिठ्ठी होती, 'बेबी ऑफ दर्शना'. नाव ठेवलं नव्हतं. ठेवायची छाती होत नव्हती. तोंडातून एक नळी पोटात गेलेली, दर दोन तासांनी सिस्टर त्यातून तीन एमएल दूध सोडायची. तीन एमएलने चहाचा चमचासुद्धा भरत नाही. तेवढ्यावर एक जीव टांगलेला.

सातव्या दिवशी दर्शनाला घरी सोडलं. लेक ठाण्यात, आई ठाकुर्लीच्या चाळीत. टाक्यांमुळे तिला रोजची ये-जा झेपत नव्हती. ती घरीच पंप दाबून दूध काढायची. माझी आई मंजुळा ते हॉस्पिटलच्या छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवायची आणि सकाळी बर्फाच्या पिशवीत घालून माझ्या हातात द्यायची. मी स्कूटरवरून ठाण्याला.

चाळीतल्या बायका भेटायला यायच्या.

"उतरलं का गं दूध?"

"हाळीव खा. शेपू खा. आमच्या टायमाला पदर भिजायचा बाई."

एकीने तर तोंडावर म्हटलं, "पोटात टिकलं नाही, आता छातीतपण नाही." एकीनेही विचारलं नाही की बाई, टाके दुखतात का तुझे. दर्शना भिंतीकडे तोंड करून पंप दाबत राहायची.

हॉस्पिटलात दीप्ती सिस्टर बाटल्या उजेडात धरून मोजायची. "पप्पा, बाराच आहे. बाकीचं मिल्क बँकेतून देतोय. आईला सांगा, टेन्शन नका घेऊ."

मी घरी येऊन तेच दोघींसमोर सांगायचो. कमी पडतंय, बाकीचं दुसऱ्या बायकांनी दिलेलं पाजतात. आईचं तोंड वाकडं व्हायचं. "कुणा बाईचं असेल, कुठली असेल, काय माहीत." ज्यांच्या हातचं पाणी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतलं नाही, त्यांच्या घरात बसून, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असताना माझी आई हे बोलली. मी तिला गप्प करायला हवं होतं. मी जेवत राहिलो.

बाराव्या दिवशी पिशवी घेताना आत बघितलं. बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

"आई, एवढं?"

"उतरलं आज. हाळीव लागू पडले." ती शेगडी पुसत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

टेंभी नाक्याला नवरात्राचा मांडव, रस्ता वळवलेला. मी गाडी कडेला घेतली, पिशवी उघडली, एक बाटली वर धरली. दर्शनाचं दूध ठेवलं की वर पिवळट थर यायचा आणि खाली निळसर पाणी राहायचं. हे खालपासून वरपर्यंत पांढरं होतं. चुना कालवल्यासारखं. मी ते बघितलं. मागचा टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मी बाटली परत पिशवीत ठेवली, चेन लावली आणि गेलो.

"अरे वा पप्पा, छत्तीस! आज पार्टी पाहिजे," दीप्ती सिस्टर म्हणाली. मी हसलो. दर्शनाला मात्र हा आकडा सांगितला नाही. सांगितला असता तर तिने विचारलं असतं, छत्तीस कसं? आणि मला त्याचं उत्तर ऐकायचं नव्हतं.

असं तीन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आसावरी मॅडमनी मला दारातच थांबवलं.

"बाळाचं पोट फुगलंय. नळीतून हिरवं येतंय, शीमध्ये रक्त दिसलं. मधूनच श्वास घ्यायचं थांबतेय. आतड्याला सूज आहे, इन्फेक्शन वाटतंय. दूध बंद केलंय, अँटिबायोटिक सुरू केलंय. तुमच्या मिसेसना बोलावून घेतलंय." मग त्यांनी चष्मा वर केला. "घरून येणारं दूध फक्त आईचंच होतं ना?"

"हो."

हे एवढं सोपं असतं. एक अक्षर.

मी काचेतून बघितलं. पोट टम्म, चकाकणारं, वर निळ्या शिरा. मॉनिटरवरचा आकडा घसरला की सिस्टर पोरीच्या तळव्यावर टिचकी मारायची, मग ती श्वास घ्यायची. परत घसरायचा. परत टिचकी. तिला श्वास घ्यायची आठवण करून द्यावी लागत होती.

मी जिन्यात येऊन आईला फोन लावला.

"बाटलीत काय घातलंस?"

"काय झालं रे?"

"काय घातलंस ते सांग आधी."

"आवडाबाईच्या शेळीचं," आई म्हणाली. आवडाबाई जुन्या ठाकुर्ली गावातली, तिच्या दारात चार शेळ्या बांधलेल्या असतात. "उकळून, दोनदा गाळून, पाणी घालून. असंतसं नाही दिलं."

"अगं, नऊशे ग्रॅमची आहे ती!"

"आणि तू किती होतास? तुला तोलायला काटा होता का कुणाकडे? सातव्यात झालास. पंजावर मावायचास. कापसात गुंडाळला, वातीने शेळीचं दूध पाजलं. आज माझ्यावर ओरडण्याएवढा झालास की नाही?"

ही गोष्ट मी जन्मभर ऐकत आलेलो. लग्नात, बारशात, कुठेही. आई सांगायची आणि लोक माझ्याकडे बघायचे. तिचा पुरावा मीच. टेंभी नाक्याला मी चेन लावली ती उगाच नाही. मी त्या दुधावर जगलो, तर तीही जगेल, असं मला आतून वाटलेलं. शिकलेल्या, मोबाईलवर सगळं वाचणाऱ्या मला.

मग मी जे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"आई, माझ्याआधीचे दोन. त्यांना काय पाजलेलंस?"

आमच्या घरी त्या दोघांचं नाव निघत नाही. बापाच्या तोंडून एकदाच निसटलेलं. फोनमध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी.

"तेच," आई म्हणाली. आणि मग, "तेव्हा आमच्याकडे दुसरं होतं काय रे?"

मला तिला शिवी द्यायची होती. कुणाला द्यावी ते कळेना. तिच्याकडे खरंच काही नव्हतं. माझ्याकडे होतं. हॉस्पिटल होतं, मोजून दूध देणारी सिस्टर होती, विचारणारी डॉक्टर होती, आणि मी "हो" म्हणालेलो.

वर आलो तर दर्शना रिक्षाने पोचलेली, पोटावर हात दाबून काचेसमोर उभी होती. शेजारी मॅडम एक्स-रे बघत होत्या. मी पुढे गेलो. मागे वळायचं मनात आलं, खोटं सांगत नाही. फाईलमध्ये जाईल, पोलीस येतील, चाळीत तोंड दाखवता येणार नाही, हे सगळं त्या दहा पावलांत आलं.

"मॅडम, मी खोटं बोललो. बाटलीत शेळीचं दूध होतं. तीन दिवस."

दर्शनाची मान माझ्याकडे वळली. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती मिसळलं? उकळलेलं? पाणी कुठलं?" एकेक विचारून त्यांनी लिहून घेतलं. लिहितालिहिता म्हणाल्या, "मी विचारलं त्याला पाऊण तास झाला. तेव्हाच सांगितलं असतंत तर दुसरं औषध पाऊण तास आधी गेलं असतं." मग सर्जनना फोन लावला. आतडं फाटलं तर ऑपरेशन करावं लागेल, म्हणाल्या. "पण एवढ्या वजनात..." आणि आत गेल्या.

"तुला कधी कळलं?" दर्शनाने विचारलं.

"आत्ता. आईला फोन केला तेव्हा."

ती बघत राहिली.

"पहिल्याच दिवशी," मी म्हणालो. "बाटली बघून."

ती रडली नाही. "मी बारा काढायची," ती म्हणाली. "बाराच. पण माझं होतं." मग दीप्ती सिस्टरकडे वळली. "सिस्टर, पंपाची खोली कुठेय?"

"अहो ताई, दूध तर बंद केलंय तिचं."

"चालू होईल तेव्हा लागेल ना?"

सिस्टरने नुसतं बोट दाखवलं. दर्शना भिंतीला धरत निघाली. मी हात द्यायला गेलो.

"तू नको."

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. बाटलीत चार एमएल, वर स्वतःच्या अक्षरात तारीख आणि वेळ. मी सवयीने हात पुढे केला. ती माझ्या बाजूने निघून गेली आणि बाटली दीप्ती सिस्टरच्या हातात दिली.

तेवढ्यात आत मशीन ओरडायला लागलं. टिचकी मारली, आकडा वर आला नाही. परत मारली. मॅडमनी कुणाला तरी हाक मारली आणि काचेच्या आतून पडदा ओढला गेला. सिस्टर बाटली टेबलावर तशीच टाकून आत पळाली.

मी त्या बाटलीकडे बघितलं. दर्शनाने ती झटकन उचलली. कोपऱ्यातल्या फ्रीजचं दार उघडून आत ठेवली, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

पडद्याकडे तिने बघितलं नाही. ती माझ्यावर नजर ठेवून होती.