मधलं रीळ

पडद्यावर नावं चढायला लागली तसा लॅम्पच्या बटणाकडे निघालेला उमाजीचा हात वाटेतच थांबला.

नावं आत्ता यायला नको होती. सिनेमा तीन रिळांचा, आणि चालून झाली होती दोनच. एक अजून डब्यात होतं. पडद्यावर मात्र, खोलीतल्या कुणालाही न वाचता येणाऱ्या लिपीत, माणसं एकामागून एक वर चालली होती. सिनेमा संपल्यावर जातात तशी.

उमाजी वाकला. पायाशी ठेवलेला डबा उघडून त्यानं रिळाचं टोक खिडकीच्या फटीतल्या उजेडात धरलं. खिडक्यांना काळा कागद लावलेला होता, बोटभर ऊन तेवढं आत येत होतं. इवल्याशा चौकटींत परग्रहावरचा बर्फ दिसला. मग टेबल, वाडगे, आणि चमच्यानं सूप पिणारी आखूड केसांची बाई. ह्याच बाईला पाच मिनिटांपूर्वी पडद्यावर बर्फात पुरून झालं होतं.

शनिवारी संध्याकाळी यशवंतपूरच्या खोलीत त्यानं तिन्ही रिळं बोटांतून सोडून तपासली होती. नेहमीच तपासायचा. कडेची भोकं फाटली असतील तर बोटाला कळतं, डोळ्याला कळत नाही, असं त्याचा बाप म्हणायचा. बाप येलहंक्याला छावणीत सिनेमे दाखवायचा. मधल्या रिळाला अकरा ठिकाणी चिरा होत्या, म्हणून ते शेवटी घेतलं, जोड वाळेपर्यंत दिव्याखाली ठेवलं, आणि उरलेल्या डब्यात घातलं. उरलेला डबा तिसरा होता.

नऊ वर्षांत पहिली चूक.

मध्यंतर

नावं संपली. पडदा पांढरा झाला. उमाजीनं दिवा लावायच्या आत कुणीतरी म्हणालं, आता चहा घेऊ, एक रीळ बाकी आहे ना? आणि लोक उठले. मल्लेश्वरममधल्या एका शाळेचा चित्रकलेचा वर्ग होता तो. महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथं विज्ञान-चित्र मंडळ जमायचं. तीसेक माणसं, सगळी मराठी. काही पिढ्यान्‌पिढ्या ह्या कानडी शहरातलीच, काही गेल्या दोन-चार वर्षांत कंप्युटरच्या नोकरीला पुण्या-नागपूरहून आलेली. सिनेमा कुठल्या तरी परदेशी वाचनालयाकडून मागवलेला असे, बहुतेकदा खाली अक्षरंसुद्धा नसलेला. चार ओळींची माहिती सायक्लोस्टाइल करून वाटत. बाकीचं ज्यानं त्यानं चित्रावरून जुळवायचं.

चहाच्या वेळात सांगून टाकावं, असं उमाजीच्या मनात आलं होतं. दोन वाक्यांचं काम. पण आजचा दिवस तसा नव्हता. आज चर्चेनंतर कार्यकारिणीच्या सात जणांचं मतदान होतं.

यशोवर्धननं ठराव मांडला होता. पुण्याचा पोरगेला माणूस, पण मोठ्या पगाराचा. त्याच्या कंपनीचं मारतहळ्ळीकडे अतिथिगृह होतं, तिथं भिंतीएवढा पडदा होता आणि व्हिडिओ होता. कॅसेट लावायची, बटण दाबायचं. ह्या खडखडणाऱ्या मशीनची आता गरज काय? सन सत्त्याण्णव चाललंय, असं तो म्हणे. मारतहळ्ळीला जायला अर्धा दिवस मोडतो, ह्यावर त्याचं म्हणणं, गाड्या आहेत की.

उलट्या बाजूला स्मृती होती. नागपूरची, इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात चाचणी विभागात. तिनं घरोघरी फोन केले होते. आज सकाळी जिन्यात तिनं उमाजीच्या हातातलं एक रीळ घेतलं आणि हळूच सांगितलं, "अण्णा, सात जणांत चार आपले. मशीन कुठं जात नाही."

अण्णा म्हणणारी ती एकटीच होती. बाकीच्यांना तो उमाजी.

आणि सात जणांसमोर आत्ता जाऊन सांगायचं की उमाजी डबे चुकतो?

त्यानं उरलेलं रीळ चढवलं. दिवा मालवला.

गुण

मंडळाची एक रीत होती. सिनेमा संपला की खुर्च्या-बाकं दोन बाजूंना मांडायची. डावीकडे बसणारानं गुण सांगायचे, उजवीकडे बसणारानं दोष. मधे कुणी बसायचं नाही. उमाजी कुठंच बसत नसे. तो रिळं उलटी गुंडाळत असे, आणि सगळं ऐकत असे.

आज डावी बाजू भरून गेली.

शेवटानं सगळे भारावले होते. ती बाई दार उघडते, बाहेरचा बर्फ दिसतो, आणि पडदा एकदम पांढरा. ना संगीत, ना काही. असा शेवट आपल्याकडे करायची कुणाची छाती आहे, असं कुणी म्हणालं. उमाजीला ठाऊक होतं, तिथं फक्त रीळ संपलं होतं.

यशोवर्धन उभा राहून बोलला. तो बोलायचा छान. अवकाशात वेळेला दिशा नसते, म्हणाला, मग सिनेमानं तरी ती का पाळावी? आधी मरण दाखवलं, मग जगणं. मधे नावं घालून दिग्दर्शकानं सांगितलं की तुमचा नेहमीचा सिनेमा इथं संपला, आता माझा बघा. मी ह्यावर पुण्याच्या अंकाला लेख पाठवणार आहे. लोकांनी बाकं वाजवली. मंडळाचे सचिव कृष्णमूर्ती राव, इथल्याच जुन्या घराण्यातले, चष्मा पुसत म्हणाले की स्वल्प डोक्यावरून गेलं, पण उत्तम.

दोष

उजवीकडे स्मृती एकटी.

ती उभी राहिली नाही. वहीत पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "दाढी."

हसू पसरलं.

"हसा. यानाच्या कप्तानाची दाढी बघा. पहिल्या भागात गाल गुळगुळीत. दुसऱ्यात छातीपर्यंत दाढी. तिसऱ्यात बोटभर. अवकाशात दाढी आत जाते का?"

"स्मृती, तू सिनेमा बघतेस का बग शोधतेस?" यशोवर्धननं विचारलं.

"दोन्ही. खिडकीच्या काचेला दुसऱ्या भागात तडा आहे, तिसऱ्यात नाही. वेळ उलटी चालवायची तर नीट उलटी चालवा, काचेसकट सांगा. हे निष्काळजी काम आहे. कुणीतरी मन लावून केलेलं नाही."

उमाजीच्या हातात फिरणारं रीळ थांबलं. ती चूक शोधत नव्हती, तिला चूक सापडली होती. फक्त ती कुणाच्या नावावर घालायची ते तिला माहीत नव्हतं.

मग टोमणे सुरू झाले. कुणी म्हणालं, न्हाव्याला बोलवा. कुणी म्हणालं, कवितेला फूटपट्टी लावणारी माणसं असतात. यशोवर्धन गोड आवाजात म्हणाला की प्रत्येकाला सगळं दिसलंच पाहिजे असं नाही, त्यात कमीपणा नाही. स्मृतीचे कान लाल झाले. ती वहीकडे बघत राहिली, आणि एकदम मागे वळली.

"अण्णा, तुम्ही सांगा. इथं तुमच्याइतके सिनेमे कुणी बघितलेले नाहीत. हे बरोबर आहे का?"

मशीनमागचा

नऊ वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तीस माना वळल्या. कृष्णमूर्ती राव म्हणाले, "बा उमाजी, ये, बस. बसून सांग." एकानं खुर्ची पुढं सरकवली. शाळेतल्या लहान मुलांची, बुटकी, लोखंडी. ती दोन्ही बाजूंच्या बरोबर मधे आली, तेव्हा यशोवर्धननं हसत ती ओढून डावीकडे लावली.

उमाजी बसला. गुडघे वर आले. लोक वाट बघत होते, आणि त्याला कळत होतं की ह्या क्षणाची वाट खरं तर तोच बघत होता, नऊ वर्षं. घरी एकटा चूल पेटवताना तो यशोवर्धनसारखं बोलून बघे. सगळ्या सिनेमांवर त्याची भाषणं तयार होती. ह्या सिनेमावर तेवढं काही नव्हतं.

"माझी बायको गेली, सहा वर्षं झाली," तो म्हणाला. "अंबूबाई."

त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"पहिल्यांदा स्वप्नात यायची ती दवाखान्यातली. हाडं वर आलेली. मग दोन वर्षांनी आली ती आजाराच्या आधीची. आता येते ती लग्नातली. केस काळे, हातात चुडा. मेलेलं माणूस उलटंच येतं अक्का. दर खेपेला जास्त तरणं होऊन येतं. तिथं दाढी कोण मोजतो?"

कुणी बाक वाजवलं नाही. एका बाईनं पदर डोळ्याला लावला. यशोवर्धननं खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं.

अंबूबाई त्याच्या स्वप्नात एकदाही आलेली नव्हती. पहिली दोन वर्षं तो त्यासाठी लवकर झोपत असे.

स्मृतीनं वही मिटली. "चुकलं माझं," ती म्हणाली. रागानं नव्हे, खरंच चुकल्यासारखं.

मतदान

चर्चा संपली, ठराव आला. कृष्णमूर्ती रावांनी सात जणांना हात वर करायला सांगितलं. व्हिडिओच्या बाजूनं तीन. मशीनच्या बाजूनं तीन.

राव चष्म्यावरून बघत राहिले. "स्मृती, तुझा?"

"माझं मत धरू नका."

"का गं? तूच तर सगळ्यांना फोन केलेस."

"मला सिनेमा बघता येत नाही, हे आज सगळ्यांनी बघितलं. तो कशावर बघावा हे मी काय सांगणार?"

तिनं हे इतकं सरळ म्हटलं की कुणाला हसता आलं नाही. मग समसमान झाल्यामुळे निकाल सचिवांकडे गेला. रावांनी विचार केला. ते भले गृहस्थ होते, कुणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. म्हणाले, खरं सांगू का, मी मनातून मशीनच्याच बाजूनं होतो, आणि ते उमाजीसाठी. त्याचा मान जाऊ नये म्हणून. पण आज हा माणूस बोलला ते ऐकून मला लाज वाटली. असल्या रसिकाला आपण नऊ वर्षं अंधारात उभं केलं. पुढच्या महिन्यापासून उमाजी आपल्यात बसणार, सभासद म्हणून, वर्गणी माफ. मग मशीन चालवणार कोण? तेव्हा माझं मत व्हिडिओला.

टाळ्या वाजल्या. ह्या वेळी सगळ्यांनी वाजवल्या, मशीनच्या बाजूच्या तिघांनीसुद्धा.

"कुणाचं काही म्हणणं?" रावांनी रीतीप्रमाणे विचारलं, आणि उमाजीकडे बघून प्रेमानं म्हणाले, "आता तुलाही बोलायचा हक्क आहे बरं का."

उमाजी बोलणार होता. दोन वाक्यं अजून तशीच तोंडात होती. मनातल्या मनात त्यानं ती म्हणून बघितली, आणि पुढचंही बघितलं. यशोवर्धनचा चेहरा, रावांचा चष्मा, स्मृतीचा वर जाणारा हात. पण डबे चुकणाऱ्याची मशीन मग कोण ठेवतो? सांगितलं तरी मशीन जाणार होती, न सांगता गेलीच होती. फरक पडणार होता तो एकट्या स्मृतीला. आणि ही खुर्ची जाणार होती.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला.

रावांनी इतिवृत्त तिथंच लिहून वाचून दाखवलं. चित्रपट दाखवण्यात आला. गुणांवर उद्बोधक चर्चा झाली. श्री. उमाजी यांनी स्वानुभव कथन केला. ठराव मंजूर. दोषांच्या पुढे त्यांनी लिहिलं होतं: विशेष नाही.

लोक पांगायला लागले. यशोवर्धन जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उमाजीराव, तुमचं स्वप्न मी लेखात घेतो, चालेल ना?" उमाजीनं मान हलवली. राव एकेकाला उमाजीची नव्यानं ओळख करून देत होते, जणू तो आजच गावाहून आला होता.

स्मृती शेवटी आली. पर्स खांद्याला, वही पर्सच्या बाहेर डोकावणारी. म्हणाली, पुढच्या महिन्यापासून ती बहुतेक येणार नाही, मारतहळ्ळी तिला लांब पडतं. ते खरं नव्हतं. तिचा कारखाना तिकडेच होता.

"अंबूबाईंचं ऐकून अंगावर काटा आला, अण्णा," ती म्हणाली. "आणि मी बसले होते दाढ्या मोजत."

"अक्का," उमाजी म्हणाला.

ती थांबली. तो पुढं काही बोलला नाही. तिला वाटलं, त्याला बायकोच्या आठवणीनं भरून आलंय. ती खाली वाकली आणि तिनं त्याच्या पायांना हात लावला. उमाजीनं पाय मागे ओढायला बघितलं, पण खुर्ची बुटकी होती, आणि खालचा लोखंडी दांडा मधे आला.