सासूबाईंचे सोमवार

"आज सोमवार असणार. पैज लाव."

"कशावरून?"

"डाळ खाऊन बघ म्हणजे कळेल. उपास ह्यांच्या घरात आणि तोंड वाकडं आपलं."

बटाट्याच्या पोत्यांची थप्पी लागली होती आणि तिच्याआड मी बसले होते. पलीकडे जेवायला बसलेल्या बायकांना वाटलं, मी विहिरीवर गेलेय. बोलत होती ती बटाटे काढायला आलेल्या मजूरबायांच्या टोळीची म्होरकी. तिचा आवाज एवढा मोठा की गावात तिला सगळे भोंगा म्हणतात, आणि त्या नावाला ती ओ पण देते. भोंग्यानं कानात केलेली कुजबुज तीन शेतं ओलांडून जाते. मी तर हातभरावर होते. उठून दोन शब्द सुनवावेत असं वाटलं, पण माझ्या तोंडात भाजलेले शेंगदाणे होते. तोंडभर दाणे घेऊन भांडता येत नाही.

"फारच खारट आहे का गं?"

"खारट? गुरांना चाटायला मिठाचा खडा ठेवतात ना, तोच विरघळवलाय आख्खा."

तिचं खोटं नव्हतं. आमच्या घरात सोमवारी स्वयंपाक चाखायला जीभच नसते. सासूबाईंचा उपास आणि माझाही उपास. जिभेला मीठ लागलं की उपास मोडला, हा सासूबाईंचा कायदा. म्हणून सोमवारचा स्वयंपाक आम्ही अंदाजानं करतो, आणि एका पातेल्यात दोन अंदाज पडतात.

त्या सकाळी डाळीत मीठ मी घातलं आणि धार काढायला गोठ्यात गेले. सासूबाईंनी पातेल्यात वाकून बघितलं. त्यांना वाटलं, ही विसरली असणार, नेहमीच विसरते. त्यांनी मूठभर घातलं. मी परत येऊन बघते तर मिठाचा डबा उघडा. म्हटलं, बघा, मी डबा काढून ठेवला आणि घालायचं राहिलंच. मी पुन्हा घातलं. मग आमच्या ह्यांच्या हातात पळी दिली. "चाखून बघा जरा." ह्यांनी पळी ओठांपर्यंत नेली, माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, पळी तशीच खाली ठेवली आणि म्हणाले, "झकास!" पंचवीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं एकच विद्या कमावली आहे, आम्हा दोघींच्या मधे जीभ घालायची नाही.

आता उपासाचं सांगते. लग्नाला चार वर्षं झाली तरी आमच्याकडे पाळणा हलेना. तेव्हा सासूबाई मला घेऊन विहिरीजवळच्या महादेवाकडे गेल्या. त्या आत, मी दारात त्यांच्या चपला धरून. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "नातवंड मांडीवर घेईपर्यंत सोमवारी दिवस मावळेस्तोवर पाण्याशिवाय काही तोंडात घालणार नाही." मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण त्यांनी माझ्या पोटासाठी उपाशी राहायचं आणि मी त्याच पोटात चार घास ढकलायचे, हे काही बरं दिसेना. म्हणून मीही सोमवार धरला. देवापेक्षा मला आपलं कसं दिसतं ह्याचीच काळजी जास्त. देवालाही ते ठाऊक असणार.

सासूबाईंचा उपास म्हणजे कोरडा, कडकडीत. माझा उपास म्हणजे सकाळी दूध, दहाला केळी, दुपारी उकडलेले बटाटे, मधे मधे शेंगदाणे, आणि चार वाजता पुन्हा दूध, कारण मग चक्कर येते. इतर सहा दिवसांत मी जेवढं खात नाही तेवढं सोमवारी खाते. आमची शिंपीण चोळी उसवता उसवता म्हणते, "वहिनी, एखादा सोमवार चुकवत जा, कापड पुरत नाही."

एकवीस वर्षं झाली ह्याला. नातवंड आलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझं महिन्याचं बंद झालं. आमच्याकडे कपडे वाळत घालायची दोरी एकच, अंगणात आडवी. तिच्यावर काय वाळतं आणि काय वाळायचं थांबलं, हे घरातल्या तिघांनाही दिसतं. कुणी काही बोललं नाही. पुढच्या सोमवारी सासूबाई उठल्या, आंघोळ केली, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि उपास धरून बसल्या. मग मीही दूध तापत ठेवलं.

हे असंच चाललं असतं. पण सासूबाईंना साखरेचा आजार निघाला. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. घाम फुटला, हात कापायला लागले, बोलणं भलतंच व्हायला लागलं, तर लगेच काहीतरी गोड तोंडात घाला. उशीर केलात तर माणूस हाताला लागणार नाही." सासूबाईंनी तिथं मान डोलावली. घरी आल्यावर रोजची गोळी नेमानं घेतली, आणि पुढच्या सोमवारी गोळी घेऊन उपासही केला. गोळी डॉक्टरची, उपास देवाचा, दोघांचाही मान राखला.

मागच्याच्या मागच्या सोमवारी त्या गोठ्यात पडल्या. "पाय घसरला," म्हणाल्या. गोठ्याची जमीन कोरडी ठणठणीत होती. पण ह्यांनी "हो, फार ओलं असतं तिथं" म्हटलं, मी "आत्ताच पाणी मारलं होतं" म्हटलं, आणि तिघांनी मिळून ती जमीन ओली केली.

मग मी डोकं लढवलं. पुढच्या रविवारी संध्याकाळी भिंतीवरच्या रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरची एकाऐवजी दोन पानं फाडली. सकाळी सासूबाईंपुढे ताट ठेवून म्हटलं, "आई, आज मंगळवार. जेवून घ्या." त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं, ताट ओढलं, घास उचलला आणि सहज विचारलं, "तू नाही बसत?"

"मला नको. माझा उपास आहे."

घास पुन्हा ताटात गेला. त्या दिवशी त्यांनी दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, "उष्टा हात झाला, त्याची भरपाई." एवढी लबाडी मी आयुष्यात पहिल्यांदा केली आणि तीसुद्धा मला एका दमात पुरती निभावता आली नाही.

हे सगळं करण्यापेक्षा सोपं एक वाक्य होतं. ते वाक्य बोललं की नवस संपला, उपास संपला. मी मनाला सांगायची, म्हातारीची एकवीस वर्षं मी एका वाक्यात मातीत कशी घालू? पण ही माझी सोय होती. ते वाक्य मलाच माझ्या कानांनी ऐकायचं नव्हतं.

तर थप्पीआड दाणे गिळून मी उठले. भोंगा मला बघून जराही चपापली नाही.

"वहिनी, ऐकलंत ना? बरं झालं, पुन्हा सांगायला नको."

"चुकलं बाई. घरी जाऊन दुसरं काही करून आणते."

"राहू द्या. भातावर पाणी ओतलं आम्ही. बटाटे उन्हात पडलेत, हिरवे पडायला लागतील. आधी ते गोळा करू."

त्याचीही घाई होतीच. सकाळी नांगरानं वरंबे फोडले होते आणि बटाटे वर येऊन उघड्यावर पडले होते. माती तापून भुसभुशीत झालेली, पाय टाकला की घोट्यापर्यंत जायचा आणि वर येताना भाजूनच यायचा. ऊन असं की लांबचा बांध हलताना दिसत होता. त्या हलणाऱ्या बांधावर मला कुणीतरी दिसलं. डोक्यावर पातेलं, एका हातानं ते धरलेलं, दुसऱ्या हातात काठी.

"आजी येतायत ना त्या?" भोंगा म्हणाली.

सासूबाईच होत्या. आम्ही शेताकडे निघाल्यावर त्यांना मिठाचा रिकामा डबा दिसला, तेव्हा त्यांच्या लक्षात सगळा घोटाळा आला. मग त्यांनी एकटीनं चूल पेटवली, दुसरी डाळ शिजवली आणि ती डोक्यावर घेऊन ह्या उन्हात पाऊण कोस चालत आल्या. पोटात सकाळपासून पाणी आणि एक गोळी.

आम्ही धावत जाऊन पातेलं उतरवून घेतलं. त्या बटाट्याच्या ढिगावर बसल्या.

"कुणीतरी चाखा आधी," त्या म्हणाल्या. "मीठ घातलेलं नाही. लागेल तसं घाला."

मग त्यांनी भोंग्याकडे नीट बघितलं. "तू कुणाची गं?"

भोंगा त्यांच्या हाताखाली लहानाची मोठी झाली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. सासूबाईंच्या कपाळावरून घामाची धार लागली होती, ती उन्हाची नव्हती. त्यांचे हात मांडीवर ठेवलेले, तरी लुगड्याची किनार थरथरत होती.

"गोड काहीतरी द्या कुणीतरी! गोड!" मी ओरडले.

भोंग्यानं पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला. मी तो सासूबाईंच्या ओठांजवळ नेला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली.

"आई, खा. डॉक्टरनी सांगितलंय."

"सोमवार आहे."

"देव रागवायचा नाही हो आजी," भोंगा म्हणाली.

"देव राहिला बाजूला. मी बोललेय. माझं मी बोललेय." शब्द जड होत चालले होते. "दिवस मावळू दे."

दिवस डोक्यावर होता. हे नांगर सोडून धावत आले होते आणि दोन पावलांवर येऊन उभे राहिले होते. "आई, ऐक ना," म्हणाले, आणि मग फाळाची माती खरवडावी तसं नखानं खरवडायला लागले. नांगर तिकडे लांब राहिला होता, हातात नुसतं एक ढेकूळ होतं, तेच खरवडत होते. मला त्यांच्यावर हसू आलं आणि रडू आलं. माझी काय वेगळी तऱ्हा होती? ते ढेकूळ खरवडत होते, मी एकवीस वर्षं दूध तापवत आले होते.

सासूबाईंची मान एका बाजूला कलली. मी त्यांची हनुवटी धरली, तोंड माझ्याकडे वळवलं.

"आई," मी म्हटलं, "माझ्याकडे बघा. मला आता मूल होणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याचा आवाज बंद झालेला मी ऐकला.

"होणार नाही, आई. दोन वर्षं झाली. तुमच्या मांडीवर कुणी यायचं नाही आता. माझ्याकडून नाही व्हायचं ते."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड उघडलं. मी गूळ आत ठेवला. त्यांनी तो चघळला, गिळला, आणि पुन्हा तोंड उघडलं. भोंग्यानं गाठ पुरती सोडून उरलेला सगळा गूळ माझ्या हातावर ओतला. हे विहिरीकडे धावले, तांब्या भरून आणायला.

बऱ्याच वेळानं लुगड्याची किनार स्थिर झाली. सासूबाईंनी आधी भोंग्याला तिच्या नावानं हाक मारून दूर सारलं, "वारा येऊ दे गं," आणि मग माझ्या हातावर एक फटका मारला. जोर नव्हता, पण लागला.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं वाट बघतेय, तुझ्या तोंडून कधी निघतंय. मला काय दोरी दिसत नव्हती? पण मी आधी सोमवार सोडला असता, तर तुला वाटलं असतं ना, म्हातारीनं माझी आशा सोडली."